साळूबाईच्या बिळाचा शोध

एका जंगलात, मुलांनो, मिरी पिकत नव्हती. बाकी सगळं होतं. सावली होती, शिकार होती, दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेण्याची जुनी परंपरा होती. फक्त मिरी नव्हती, आणि तेवढ्यावरून ही गोष्ट घडली. हसू नका. मोठ्यांच्या गोष्टी अशाच पोटापासून सुरू होतात, फक्त पुस्तकात तसं छापत नाहीत.

या जंगलाचे राजे होते महाराज आयाळसिंह. महाराजांना मिरीशिवाय घास उतरत नसे. मिरी यायची फार लांबून, पूर्वेकडच्या मिरीवनातून. उंटांच्या पाठीवरून, वाळवंटातून, डोंगरांतून. पोचेपर्यंत वर्ष सरायचं आणि निम्म्या मिरीला बुरशी लागलेली असायची. महाराज ती हुंगायचे आणि ज्यानं आणली त्यालाच खायचे. त्यामुळे हळूहळू मिरी आणायला कोणी तयार होईना.

महाराजांच्या गुहेत धागोपंत नावाचा एक आठ पायांचा कोळी राहायचा. तो नकाशे विणायचा. गुहेच्या छताला त्यानं अख्ख्या जगाचं जाळं विणून टांगलं होतं. मधोमध आपलं जंगल. एका अंगाला वाळवंट, मग डोंगर, आणि अगदी टोकाला मिरीवन. दुसऱ्या अंगाला मोठं पाणी, आणि पाण्यापाशी जाळं संपायचं. धागोपंत स्वतः त्या छतावरून कधी खाली उतरला नव्हता. म्हणून तर त्याचा नकाशा इतका नेटका होता.

एके दिवशी भर दरबारात मुसंडीराव उभा राहिला. मुसंडीराव म्हणजे रानडुक्कर. एकदा नाक खाली घालून पळत सुटला की समोर झाड आहे की डोंगर हे तो बघत नसे. त्याच्या जातीत याला निर्धार म्हणतात.

"महाराज," तो म्हणाला, "जग भोपळ्यासारखं गोल आहे. मिरीवन पुढच्या दारानं लांब पडतं. मी मोठं पाणी ओलांडून मागच्या दारानं आत शिरतो."

"पण मध्ये काही आडवं आलं तर?" महाराजांनी विचारलं.

सगळ्यांनी छताकडे पाहिलं. धागोपंत म्हणाला, "मध्ये काही असतं तर ते माझ्या जाळ्यात असतं."

हे उत्तर दरबाराला इतकं पटलं की पुढची चर्चाच झाली नाही. चार ओंडके वेलींनी बांधले, त्यावर मुसंडीराव आणि बारा प्राणी चढले, आणि ते मावळतीकडे निघाले.

आता त्यांना तिथेच पाण्यात तरंगत राहू दे. महिनाभर त्यांना काही होत नाही. आपण पलीकडे जाऊ.

पाण्याच्या पलीकडे एक वन होतं. ते तिथे फार पूर्वीपासून होतं. कोणी शोधत नसताना, जाळ्यात नसताना, महाराजांच्या परवानगीशिवाय ते खुशाल तिथे होतं. त्यात राहणारे प्राणी त्याला 'आजोळ' म्हणत. प्रत्येकाच्या आईची आई तिथेच जन्मली होती, मग दुसरं काय म्हणणार?

आजोळात एका टेकडीवर साळूबाई राहायची. साळूबाई म्हणजे साळिंदर. नवरा मागल्या पुरात गेला. दोन पिल्लं होती, इतकी लहान की त्यांचे काटे अजून मऊ होते. टेकडीच्या माथ्यावर तिचं बीळ होतं, खोल, कोरडं, सरळ खाली गेलेलं. ते तिच्या पणजीनं उकरलं होतं, आजीनं रुंद केलं होतं आणि आईनं त्यात गवत अंथरलं होतं. पिल्लांचे काटे टणक होईपर्यंत त्यांना उघड्यावर ठेवायची सोय नव्हती. साळूबाईच्या जगात महत्त्वाची गोष्ट तेवढी एकच होती, ते बीळ.

आणि आजोळात एक रीत होती. ती नीट ऐका, कारण सगळा घोटाळा तिच्यामुळे झाला.

फार वर्षांपूर्वी कोणी एक दमलाभागला पाहुणा आजोळात आला होता. त्यानं कुणाला तरी काहीतरी विचारलं आणि त्याला 'नाही' असं तोडून उत्तर मिळालं. पाहुणा तसाच उपाशी परत फिरला आणि वाटेत मेला. सगळ्या वनाला हळहळ लागून राहिली. तेव्हा ठरलं की पाहुणा पाठ फिरवून आपल्या घरच्या वाटेला लागेपर्यंत त्याचा शब्द पाडायचा नाही. तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. तो गेला की मग हवं तेवढं हसायचं. मोठी शहाणी रीत होती ती. तिच्यात एकच गोष्ट गृहीत धरली होती, की पाहुणा परत जातो.

तर, मुसंडीरावाचे ओंडके आजोळच्या वाळूला लागले. समोर साळूबाई उभी होती, आणि तिच्याशेजारी सावकाशआबा. हे आबा म्हणजे समुद्रकासव, वनातले सगळ्यांत वडील.

"यावं पाव्हणं," आबा म्हणाले. "लांबनं आलासा. आधी पाणी घ्या."

मुसंडीरावानं पाण्याकडे पाहिलंही नाही. "हे मिरीवन आहे," तो म्हणाला.

आबांनी साळूबाईकडे पाहिलं. साळूबाईनं आबांकडे पाहिलं.

"व्हय पाव्हणं," आबा म्हणाले.

"मिरी कुठे आहे?"

मिरी म्हणजे काय ते आबांना ठाऊक नव्हतं. साळूबाईनं विचारलं, "कशी असती वो?"

"झुडपावर येते. तोंडात टाकली की जीभ भाजते."

"आत्ता गं बया, ती व्हय?" साळूबाई म्हणाली आणि तिनं जवळच्या झुडपावरचं एक लांब, लालभडक फळ तोडून त्याच्यापुढे ठेवलं. मुसंडीरावानं ते एका घासात चावलं. आणि मग तो पळाला. पाण्यात शिरला, बाहेर आला, वाळूत लोळला, पुन्हा पाण्यात शिरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातून त्याहून जास्त.

"मिरीच आहे!" तो ओरडला. "लाल आहे, लांब आहे, आत बिया आहेत. म्हणजे मिरीची ही उत्तम जात!"

तुम्ही त्या फळाला आज काय म्हणता ते मला माहीत आहे. वडापावाबरोबर तळलेली खाता. पण मुसंडीराव मिरी शोधायला निघाला होता, तेव्हा त्याला मिरीच सापडली. त्यानं लगेच आजोळातल्या सगळ्या प्राण्यांना एक नाव देऊन टाकलं, मिरवे. साळिंदर मिरवे, कासव मिरवे, झाडावरचा पोपटही मिरवेच. मिरीवनात राहतात ते मिरवे.

बरोबरच्या बारा जणांत एक मुंगूस जरा विचारी होतं. ते हळूच म्हणालं, "मालक, मिरी काळी आणि गोल असते."

मुसंडीरावानं तिथल्या तिथे सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. हे मिरीवन आहे, आणि जो कोणी हे मिरीवन नाही म्हणेल त्याची शेपटी कापण्यात येईल. बाराही जणांनी शेपट्या पायांत घालून शपथ घेतली. त्यानंतर ते मिरीवनच होतं, यात कुणालाच शंका राहिली नाही. विद्या अशीच वाढते, मुलांनो.

मुसंडीराव टोपलीभर लाल मिरी घेऊन परत निघाला. त्याचे ओंडके दिसेनासे झाले आणि आजोळ हसायला लागलं. दिवसभर हसलं. सावकाशआबा तर पाठीवर उलटे पडले, त्यांना सरळ करायला चौघं लागली. साळूबाईची पिल्लं नाकातून आवाज काढत "मिरीच आहे!" म्हणून वाळूत लोळत होती. इतका बावळट पाहुणा आजोळात यापूर्वी आला नव्हता.

पण तो पुन्हा आला. येताना सतरा तराफे घेऊन आला. आजोळानं हसू आवरलं आणि म्हटलं, यावं पाव्हणं.

या खेपेला परत निघताना त्यानं पाऊणशे प्राणी मागे ठेवले. मिरीची राखण करायला, असं तो म्हणाला. त्यांनी किनाऱ्यावरची रताळी संपवली, मग आतल्या बाजूची मक्याची कणसं, मग पेरू, मग सीताफळं. मागतील त्याला आजोळ हो म्हणत राहिलं. "जातील वो," आबा सांगायचे. "पाव्हणं हाईत. आज ना उद्या जातील." साळूबाई रोज पिल्लांच्या काट्यांना नाकानं हळूच टोचून बघायची. अजून मऊच होते.

इकडे गुहेत मात्र कुरबुर सुरू झाली होती. महाराजांनी लाल मिरी खाल्ली, तीन दिवस आयाळ पाण्यात बुडवून बसले, आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "मिरीसारखी लागत नाही." जुन्या उंटांना विचारलं. उंट म्हणाले, मिरीवनात झूल घातलेले हत्ती असतात, दगडी रस्ते असतात, बाजार भरतो. मुसंडीरावाला विचारलं. तो म्हणाला, हत्ती आतल्या बाजूला असतील. अजून खूप आतल्या बाजूला.

मग महाराजांनी झुपकेरावाला पाठवलं.

झुपकेराव म्हणजे कोल्हा. शेपटीचा झुपका मोठा, आवाज मऊ, आणि पत्रं लिहिण्याची हौस दांडगी. तो मुसंडीरावासारखा मूर्ख नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मूर्खांमुळे होणारं नुकसान मोजता येतं.

झुपकेराव आजोळात उतरला आणि किनाऱ्यानं चालू लागला. जाऊन-येऊन चाळीस दिवस चालला. किनारा संपेना. हत्ती दिसेनात. रस्ता नाही, बाजार नाही, मिरीचा एक काळा दाणा नाही. नद्या तर इतक्या रुंद की तशा मिरीवनात असल्याचं एकाही उंटानं कधी सांगितलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या दिवशी तो परतला आणि साळूबाईच्या टेकडीवर, तिच्या बिळाच्या तोंडाशी एका दगडावर विचार करत बसला. पाहुणा दमलेला दिसला म्हणून साळूबाईनं त्याच्यापुढे एक भाजलेलं रताळं ठेवलं.

झुपकेरावानं रताळ्याचा मोठा घास घेतला. आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हे मिरीवन नाहीच!" तो ताडकन उठला. तोंडात रताळं होतं, त्यामुळे शब्द नीट फुटेनात. "हे वेगळंच वन आहे! नवं! आजवर कुणालाच माहीत नसलेलं!"

"कुणाला?" साळूबाईनं विचारलं.

"कुणालाच!"

साळूबाई विचारात पडली. मागून पिल्लं बाहेर डोकावली. तिनं त्यांना आत ढकललं. "पाव्हणं," ती अदबीनं म्हणाली, "मी हितंच जन्मले."

"तसं नव्हे हो बाई." झुपकेरावानं तिला समजावलं. त्याला समजावून सांगायला फार आवडे. "तुम्ही इथे राहता. राहणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. हे वन मिरीवन नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?"

"व्हय की. पहिल्या दिवसापास्नं."

"मग सांगितलं का नाही?"

"पाव्हण्याला न्हाई म्हनत न्हाईत आमच्यात."

म्हणजे बघा. बारा जणांच्या शपथा, सतरा तराफे, उंटांच्या साक्षी, चाळीस दिवसांची पायपीट. आणि हे सगळं जिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ती समोर रताळी भाजत बसली होती. तिला फक्त विचारायचं होतं. पण शोध असा विचारून लावत नाहीत. विचारून लावला तर त्याला चौकशी म्हणतात, आणि चौकशी करणाऱ्याचं नाव कशालाच देत नाहीत.

तेवढ्यात सावकाशआबा डुलत डुलत आले. झुपकेरावानं त्यांनाही आनंदाची बातमी सांगितली, की तुमचा शोध लागला.

"बरं झालं," आबा म्हणाले. "पलीकडं तुमचं जंगल हाय ते, एक वाकडा वड हाय पाण्याकाठी, त्योच न्हवं?"

झुपकेराव दचकला. त्यांच्या किनाऱ्यावर खरोखरच एक वाकडा वड होता. "तुम्हाला कसं माहीत?"

"ज्वानीत पोहत गेलतो. दोन येळा."

"म्हणजे तुम्ही आमच्या जंगलाचा शोध लावलात?" झुपकेरावाचा आवाज बारीक झाला.

आबांना प्रश्नच कळला नाही. "शोध कसला? तिथं तुमी ऱ्हात हुतासा की. म्या आपलं पानी प्यालो, वडाखाली घटकाभर पडलो, आन् आलो माघारी."

झुपकेरावानं सुटकेचा श्वास टाकला. हे त्यानं पत्रात लिहिलं नाही.

बाकी सगळं लिहिलं. चाळीस दिवसांचे चारशे केले. किनाऱ्यावरचे प्राणी दोन डोक्यांचे केले, कारण एका डोक्याच्या प्राण्यांविषयी गुहेत कोणी वाचत नाही. रताळ्याचा उल्लेख टाळला. शेवटी लिहिलं, 'हे मिरीवन नसून एक नवंच वन आहे, हे माझ्याशिवाय कुणाच्याही ध्यानात आलं नाही.'

पत्र गुहेत पोचलं आणि हलकल्लोळ झाला. मुसंडीराव गरजला, "मिरीवनच आहे! मी बारा जणांकडून शपथा घेतल्या आहेत!" झुपकेरावाचे मित्र म्हणाले, नवं आहे. वर्षभर वाद रंगला. दोन तट पडले, मिरीवनवादी आणि नववनवादी. एकमेकांचे कान चावले, शेपट्या ओढल्या. ते वन मिरीचं की नवं, एवढ्यावरच सगळे भांडले. ते कुणाचं आहे, हा प्रश्न दोन्ही तटांना एकदाही पडला नाही. विद्वानांचं यावर मात्र एकमत होतं.

शेवटी धागोपंतानं निकाल लावला. त्याला जाळं उसवून नव्यानं विणावं लागणार होतं, म्हणून तो आधी चिडला. पण झुपकेरावाचं पत्र त्याला आवडलं होतं. दोन डोक्यांचा भाग तर त्यानं तीनदा वाचला. त्यानं मोठ्या पाण्याच्या पलीकडे आठ धागे ओढले, मधली जागा रिकामी ठेवली, आणि तिथे विणून टाकलं, 'झुपकेवन'.

"रिकामी का?" महाराजांनी विचारलं.

"तिथे काय आहे ते मला माहीत नाही," धागोपंत म्हणाला.

"म्हणजे तिथे काही नाही," महाराज म्हणाले, आणि दरबारानं मान डोलावली.

मुसंडीराव ते जाळं बघून आजारी पडला. मरेपर्यंत तो म्हणत राहिला की ते मिरीवन आहे. त्याची मला थोडी कीवही आली असती, पण त्यानं शेवटच्या दिवशीही त्या मुंगसाची शेपटी मागितली.

आता ते झुपकेवन ठरल्यामुळे त्यावर महाराजांची निशाणी लावणं भाग होतं. झुपकेराव पुन्हा निघाला. बरोबर तीस हात लांबीचा सागाचा खांब, त्याच्या टोकाला महाराजांच्या आयाळीचा एक झुबका, आणि एक फर्मान. खांब सगळीकडून दिसेल अशा उंच जागी रोवायचा होता. उंच जागा एकच होती. टेकडी. झुपकेरावानं टेकडीवर फिरून पाहिलं. जमीन दगडासारखी कठीण होती, आणि त्याच्या माणसांना, म्हणजे त्याच्या प्राण्यांना, उकरायचा कंटाळा होता. मग त्याला साळूबाईच्या बिळाचं तोंड दिसलं.

"अरे वा," तो म्हणाला. "खोल, कोरडं, सरळ खाली गेलेलं. आयतं भोक."

साळूबाई धावत सावकाशआबांकडे गेली. धावताना तिचे काटे खडखडत होते.

"आबा, माज्या बिळात खांब रवत्यात."

आबा डुलत तिच्याकडे वळले. "उद्या फर्मान वाचनार हाईत. पाव्हणं इचारतील, आन् आपन व्हय म्हनायचं. रीत हाय."

"पाव्हणं कधी जानार आबा?"

आबांनी समुद्राकडे पाहिलं. पाण्यावर अजून चौदा तराफे येताना दिसत होते.

"लेकरांचं काटं अजून मऊ हाईत," साळूबाई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. "मी न्हाई म्हननार."

"आजवर कुनी म्हनलं न्हाई गं."

"मग आजवर कुनाच्या बिळात खांबबी रवला न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगळं आजोळ टेकडीभोवती जमलं. ससे, पोपट, हरणं, कासवं, मुंग्याही रांगेनं. झुपकेराव खांबाशेजारी उभा राहिला आणि फर्मान वाचू लागला.

"हे वन आजवर कुणाला माहीत नव्हतं. मान्य?"

"व्हय पाव्हणं," आजोळ म्हणालं.

"याचा शोध श्रीमंत झुपकेरावांनी लावला. मान्य?"

"व्हय पाव्हणं."

"हे वन रिकामं आहे. इथे कुणीही राहत नाही. मान्य?"

हजारभर प्राणी एकमेकांकडे बघत राहिले. मग रीतीप्रमाणे, खाली मान घालून, एकेक जण म्हणू लागला, व्हय पाव्हणं, व्हय पाव्हणं.

"न्हाई."

आवाज बिळाच्या तोंडातून आला. साळूबाई अर्धी बाहेर, अर्धी आत उभी होती. अंगावरचा काटा न् काटा ताठ. "न्हाई," ती पुन्हा म्हणाली. "मी हितं ऱ्हाते. माजी आई ऱ्हात हुती, आजी ऱ्हात हुती. हे रिकामं न्हाई. आन् त्यो खांब हितं रवायचा न्हाई."

आजोळात पाहुण्यासमोर हा शब्द कित्येक पिढ्यांत कुणी उच्चारला नव्हता. सावकाशआबांनी मान पुढच्या पायांत खुपसली. मग हळूच पुन्हा बाहेर काढली, आणि मला वाटतं, ते थोडंसं हसले.

झुपकेरावानं फर्मान पुन्हा वाचलं. मग शांतपणे आपल्या कारकुनाला, एका खारीला, सांगितलं, "तिसऱ्या कलमाला सर्वांनी मान्यता दिली आहे. इथे कुणी राहत नाही. तेव्हा जो आवाज आला तो इथे राहणाऱ्याचा असू शकत नाही. लिही, वारा सुटला होता."

खारीनं लिहिलं, वारा सुटला होता.

साळूबाईला जेमतेम वेळ मिळाला. एक पिल्लू तोंडात धरून आणि दुसरं पुढे ढकलत ती बाहेर पडली, आणि तिच्या मागोमाग तीस हातांचा साग बिळात उतरला. अगदी घट्ट बसला. पणजीनं मापात उकरलं होतं.

त्या रात्री पाऊस नव्हता, वादळ नव्हतं, तसलं काही नव्हतं. असतं तर निदान दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं. साळूबाई उघड्यावर पिल्लांभोवती वेटोळं करून बसली. सकाळी पिल्लांना आबांच्या हवाली करून ती टेकडीवर गेली. खांबापाशी आता एक मंडप होता आणि मंडपात झुपकेराव पत्र लिहीत होता.

"कोण आपण?" त्यानं विचारलं.

"साळू."

"काय काम आहे?"

"ऱ्हायला जागा पायजे."

"झुपकेवनात राहायचं असेल तर अर्ज करावा लागेल," झुपकेराव म्हणाला. तो उद्धट नव्हता, हे लक्षात घ्या. त्यानं तिला बसायला सांगितलं. "हे वन आता महाराजांचं. आम्ही इथले यजमान. तुम्ही बाहेरून आलेल्या, म्हणजे आमच्या पाहुण्या."

साळूबाईनं मान वर केली. कित्येक दिवसांनी तिच्या डोळ्यांत थोडी आशा दिसली.

"मी पाव्हणी?"

"अर्थात."

"मग मी मागते ते देयाला पायजे. हितं पाव्हण्याला न्हाई म्हनत न्हाईत. तुमी सोता इतकं दिस बघितलीसा ही रीत. आमची रताळी खाल्लीसा त्या रीतीवर." तिनं खांबाकडे बोट केलं. "माजं बीळ मला परत द्या."

झुपकेरावानं लेखणी खाली ठेवली. तो तिच्याकडे कौतुकानं पाहत होता. इतका बिनतोड युक्तिवाद त्यानं गुहेतल्या विद्वानांकडूनही ऐकला नव्हता. त्याला तो मनापासून आवडला.

"बाई," तो मऊ आवाजात म्हणाला, "ती रीत आजोळाची होती. हे झुपकेवन आहे."

आणि मग त्यानं तिला नाही म्हटलं.

तात्पर्य : नव्या प्रदेशाचा शोध लावायला निघताना नकाशा चुकीचा असला तरी चालतो, फक्त यजमान सभ्य मिळायला हवेत.